गलाथियाच्या वाळूवर चाललेली माणसं

समुद्री कासवांचे अभ्यासक सतीश भास्कर मार्च 2023 मध्ये गोव्यात वारले. इकडे दिंद्रुड गावी मला ते उशिरा कळलं, आणि दुःखाइतकाच संतापही आला. चारच महिने आधी ग्रेट निकोबारच्या बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि शहराच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली होती. लेदरबॅक कासवांचे जे किनारे या माणसाने पायी हिंडून नोंदवले, त्यातलाच गलाथियाचा उपसागर बंदरासाठी निवडला गेला.

निकोबार बेटांच्या पाहणीचा जुना इतिहास मला फारसा ओढत नाही. 1846 मध्ये डेन्मार्कचं ‘गलाथिया’ जहाज आलं, 1858 मध्ये ऑस्ट्रियाचं ‘नोव्हारा’. नमुने गोळा केले आणि गेले. सत्तरच्या दशकात वनस्पती आणि प्राणी सर्वेक्षणाची केंद्रं पोर्ट ब्लेअरला उघडली, तेव्हा कुठे आपली माणसं तिथे ठाण मांडून बसली.

माझं मन रेंगाळतं ते नव्वदच्या दशकात. नोकरीमुळे मी तेव्हा पोर्ट ब्लेअरला होतो. भास्करांच्या गोष्टी तिथे सगळ्यांच्या तोंडी असत. लक्षद्वीपच्या निर्जन सुहेली बेटावर 1982 च्या पावसाळ्यात ते कासवांसाठी एकटे राहिले. बायकोला लिहिलेलं पत्र बाटलीत घालून समुद्रात सोडलं, ते श्रीलंकेच्या एका मच्छीमाराला सापडलं आणि त्याने ते पोस्टाने पाठवलं. पक्षी-अभ्यासक रवी शंकरन नव्वदच्या दशकात निकोबारचे किनारे तुडवत मेगापोडचे ढिगारे मोजत होते. हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. ती वाळू-पाचोळ्याच्या ढिगाऱ्यात पुरतो आणि आतल्या उबेवर पिल्लं निघतात. ढिगारा किनाऱ्याला लागूनच असतो, म्हणून किनारा गेला की पक्षी गेला. शंकरनही 2009 मध्ये अकाली गेले.

अशा पाहणीला वेळ लागतो. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी साठच्या दशकात ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बेला मिळवलेलं एक घुबड मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) संग्रहात पडून होतं. ती वेगळीच प्रजाती असल्याचं 1998 मध्ये जाहीर झालं. तीस वर्षं! त्याच वर्षी पुण्याचं कल्पवृक्ष, बीएनएचएस आणि पोर्ट ब्लेअरची ‘साने’ या संस्था अंदमानच्या जंगलतोडीविरुद्ध न्यायालयात गेल्या. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडीला लगाम घातला. त्या निकालामागे पाहणी करणाऱ्यांचे घासलेले तळवे होते, हे आज कुणाला आठवत नाही.

2004 च्या भूकंपाने ग्रेट निकोबारचा दक्षिण किनारा काही मीटर खचला, त्सुनामीत मेगापोडचे ढिगारे वाहून गेले. पुढे वाळू पुन्हा साठली, कासवं परतली. निसर्गाने केलं ते निसर्गाने सावरलं. माणसाने मात्र 1997 चं गलाथिया अभयारण्य जानेवारी 2021 मध्ये कागदावरून पुसलं, आणि त्याच महिन्यात निघालेल्या सागरी कासवांच्या राष्ट्रीय आराखड्यात गलाथियाला महत्त्वाचा किनारा म्हटलं!

प्रकल्पासाठी एकाच हंगामाची माहिती पुरेशी ठरली. राष्ट्रीय हरित लवादाला एप्रिल 2023 मध्ये तो मुद्दा पुन्हा तपासायला सांगावा लागला. एका घुबडाची ओळख पटायला तीस वर्षं लागली, त्या बेटांचा हिशोब एका हंगामात कसा मिटतो? सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल, सरकारी अंदाजाने 9.64 लाख झाडं जाणार, आणि भरपाईची लागवड हरियाणात. मेगापोडला ढिगारा रचायला निकोबारचीच वाळू लागते. शंकरनांच्या नोंदींत ते लिहिलेलं आहे, मंजुरी देणाऱ्यांनी त्या वाचायला हव्या होत्या.