सात लाख पासष्ट हजार व्होल्ट आणि बांधीवरची मोटर

नागपूरहून गोंदियाकडे येणारी गाडी तुमसर सोडून तिरोड्याच्या जवळ आली की धानाच्या बांध्यांपलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. अदानी पॉवरच्या या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, म्हणजे एकूण क्षमता ३३०० मेगावॅट. पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला, पाचवा २०१४ मध्ये. कोळसा रेल्वेने येतो, पाणी वैनगंगेचे. इथली वीज कोराडी आणि अकोल्यावरून पार औरंगाबादेपर्यंत, आजच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाते. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. तिला नेणारी वाहिनी ७६५ केव्हीची, म्हणजे ७ लाख ६५ हजार व्होल्टची. देशात रोजच्या वापरात असलेला एसी विजेचा हा सर्वांत वरचा दाब आहे.

एवढ्या दाबाची गरज का पडते, हे समजायला शाळेतली दोन सूत्रे पुरतात. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. पहिला नियम जर्मनीच्या गेऑर्ग ओहमने १८२७ मध्ये पुस्तकातून मांडला. दुसऱ्या सूत्राला पहिल्याची जोड दिली की तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज कळते: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. हा वर्गच सगळा खेळ करतो. प्रवाह दुप्पट झाला तर तारेतली नासाडी चौपट होते.

आता तिरोड्याचा एक संच घेऊ. तीन फेजच्या विजेत दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराला आणखी १.७३ ने गुणावे लागते. तेव्हा ६६० मेगावॅट वीज ७६५ केव्हीवर पाठवायची तर प्रत्येक फेजमधून साधारण ५०० अँपिअर प्रवाह जाईल. पाचशे किलोमीटरच्या तारेचा रोध फेजमागे ६ ओहम धरला तर तिन्ही फेज मिळून साडेचार मेगावॅट वीज वाटेत उष्णता होऊन जाते. शंभरात एकही भाग नाही. हीच वीज त्याच तारेने १३२ केव्हीवर नेली असती तर प्रवाह २९०० अँपिअरच्या घरात गेला असता आणि नासाडी दीडशे मेगावॅटवर. जवळजवळ पाव संच वाऱ्याला तापवण्यात खर्च! आकडे ढोबळ आहेत, पण मनोरे एवढे उंच आणि तारा जमिनीपासून एवढ्या वर का, हे त्यातून स्पष्ट होते. दाब वाढवला की प्रवाह कमी लागतो. मात्र तेवढा दाब हवेतून उडी मारू नये म्हणून अंतर राखावे लागते. प्रत्येक फेजला एक तार न लावता तारांचा जुडगा लावतात, तोही याच दाबाच्या बंदोबस्तासाठी.

मनोऱ्यांच्या खाली, बांधीच्या कडेला पाच एचपीची मोटर असते. तिथेही हाच हिशेब लागू होतो, फक्त उलट्या अंगाने. उन्हाळी धानाला पाणी जास्त लागते. एका डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की शेवटच्या खांबावर दाब घसरतो. मोटरीच्या पट्टीवर ४१५ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर लिहिलेले असते. प्रत्यक्षात ३३० व्होल्टच मिळाले तर काय होईल?

इथे घरातली इस्त्री आणि शेतातली मोटर यांचा स्वभाव वेगळा निघतो. हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर घेते. म्हणजे तिचा रोध ५३ ओहम. दाब १८४ व्होल्टवर आला तर रोध जवळपास तेवढाच राहतो, प्रवाह कमी होतो आणि शक्ती ६४० वॅटवर येते. इस्त्री कोमट होते, कपड्यांच्या सुरकुत्या राहतात, बाकी काही बिघडत नाही. मोटर मात्र पाणी उपसण्याचे काम सोडत नाही. दाब कमी पडला की ती तेवढीच शक्ती जास्त प्रवाहातून ओढते. ३३० व्होल्टवर साडेसातचे साडेनऊ अँपिअर होतात आणि वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या पुढे जाते. मोटर घुमते, गरम होते, इनॅमलचा वास सुटतो. पुढचा मुक्काम रिवायंडिंगच्या दुकानात.

सगळा दोष डीपीचाही नसतो. खांबापासून विहिरीपर्यंत दोनशे मीटर चार चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल ओढली, तर एका तारेचा रोध सुमारे १.४ ओहम होतो. साडेसात अँपिअरला तिथेच अठरा व्होल्ट गळतात आणि सव्वादोनशेहून अधिक वॅट केबल तापवण्यात जातात. केबलच्या तारेचे चौरस मिलिमीटर दुप्पट केले की ही गळती निम्मी होते. कपॅसिटरचेही तसेच. तो बसवून मोटरीचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा हिस्सा) ०.८ वरून ०.९५ वर आला तर वाहिनीतला प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो. महावितरण कपॅसिटर बसवा म्हणून वारंवार सांगते ते यासाठी. एकट्याने बसवून फारसा फरक पडत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तर शेवटच्या खांबावरही दाब टिकतो.

तिरोड्याच्या वाहिनीचा हिशेब अभियंत्यांनी आधी कागदावर केला, मग मनोरे उभे केले. शेतात आपण मोटर जळाल्यावर हिशेब करतो. तेव्हा उन्हाळी धानाची रोवणी सुरू होण्याआधी ओळखीच्या वायरमनला टाँग टेस्टर घेऊन बोलवा. मोटर चालू असताना तिन्ही फेजचा दाब आणि प्रवाह मोजून घ्या आणि ते आकडे स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा. प्रवाह पट्टीवरच्या आकड्यापेक्षा जास्त दिसला तर मोटर बंद करा, आधी केबल आणि कपॅसिटर बघा. या तपासणीला लागणारा खर्च रिवायंडिंगच्या बिलापुढे काहीच नाही.