पंधरवड्याची सभा

इतिहाससंशोधकाच्या तोंडी ‘रुमाल’ म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गाठोडे. देशमुख, कुलकर्णी, इनामदारांच्या माळ्यांवर असे रुमाल पिढ्यानपिढ्या पडून होते. काहींचा फन्ना वाळवीने उडवला, काही बंबात गेले. पेशवे दफ्तर पुण्यातच होते, पण ते इंग्रज सरकारच्या ताब्यात. एतद्देशीय अभ्यासकाला तिथे सहजी शिरकाव नव्हता. म्हणून वि. का. राजवाडे गावोगावची घरे धुंडाळत फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे खंडांची संख्या २२ वर गेली.

कागद एकट्याने जमवता येतात. त्यांची पारख करायला मात्र चार जाणती माणसे समोर लागतात. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाची ख्याती संग्रहामुळे झाली (आज तिथे सुमारे १५ लाख कागद आहेत). पण या संस्थेचा जीव होता तो पाक्षिक सभेत. दर पंधरवड्याला कुणीतरी निबंध वा टिपण वाचायचे आणि जमलेल्यांनी त्याची चिरफाड करायची. विषय पुष्कळदा अगदी किरकोळ: एखादे शिक्क्याचे वाचन, नाहीतर वतनाच्या भांडणातला महजर. गंमत अशी की महजर म्हणजेही सभेपुढे झालेल्या निवाड्याचाच कागद.

या शिस्तीचा कस लागला तो शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात. रूढ तिथी होती वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७. रोहिड खोऱ्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली (सालवार घटनांची नोंद) लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. तिच्यात तिथी निघाली फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०! नुसती तिथीच नाही. वार आणि नक्षत्रही दिलेले. त्यामुळे ती पंचांगाशी ताडून पाहता येत होती, आणि ती जुळली.

एका कागदावर विसंबायचे नाही, हा दंडक मात्र कायम राहिला. स. म. दिवेकरांना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात कवींद्र परमानंदाचे संस्कृत ‘शिवभारत’ सापडले. मंडळाने ते १९२७ साली प्रसिद्ध केले. तिथेही शके १५५१. जोधपूरच्या संग्रहातली महाराजांची कुंडलीही त्याच बाजूची निघाली. तरी वाद मिटला असे नाही, तो अनेक दशके चालला. सरकारी सुट्टी आता १९ फेब्रुवारीला असते, तिथीची मिरवणूक वेगळी निघते. आणखी एक फाटा: १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे; आजच्या कॅलेंडरने मोजली तर १ मार्च येते.

राजवाडे स्वतः मात्र या मंडळात फार काळ रमले नाहीत. मतभेद झाले, ते बाहेर पडले. शेवटची वर्षे त्यांनी धुळ्यात काढली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले. धुळेकरांनी त्यांच्या नावाने आणखी एक संशोधन मंडळ काढले, त्यांची दप्तरे तिथे ठेवली आणि ‘संशोधक’ नावाचे नियतकालिक सुरू केले.