रुमालाखालचा सौदा

बाजार समित्यांच्या आवारात उघड लिलाव रूढ होण्यापूर्वी शेतमालाचा भाव अनेक ठिकाणी रुमालाखाली ठरत असे. अडत्या आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबीत. ज्याचा माल, तो शेतकरी मात्र समोर उभा राहून त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत राही. बाजार नियमनाच्या कायद्यांनी तो रुमाल दूर केला. आज तसाच एक सौदा आपल्या हातातील मोबाइलवर होत आहे आणि त्यातील माल म्हणजे आपली स्वतःची माहिती होय.

माळेगाव बुद्रुकसारख्या गावाचेच उदाहरण घ्यावे. येथे सहकारी साखर कारखाना आहे, महाविद्यालय आहे, बारामतीची पेठ जवळ आहे. येथील बारावीच्या विद्यार्थ्याला एखाद्या शिकवणी वर्गाचे केवळ शुल्क पाहावयाचे असते. त्यासाठी संकेतस्थळावर त्याला नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय आणि मोबाइल क्रमांक भरावा लागतो. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत अटी असतात. 'मान्य आहे' यावर बोट ठेवल्यावाचून पान पुढे सरकत नाही. पुढे आठवडाभरात घरी परगावच्या अनोळखी संस्थांचे दूरध्वनी येऊ लागतात. माहिती कोणी, कोणास, काय भावाने दिली, हे पालकांना कधीच कळत नाही. यास संमती म्हणावे काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली कायद्याचा मसुदा सादर केला. प्रत्यक्ष डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. व्यवसायांवरील मुख्य बंधनांसाठी या नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली.

या कायद्यानुसार संमती मुक्त, नेमकी व बिनशर्त हवी. ती सांगितलेल्या कामास आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी आणि देण्याइतक्याच सुलभतेने ती परत घेता यावी. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत सर्वसाधारणपणे पालकांची पडताळण्याजोगी संमती लागेल. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

हा आकडा ऐकून लहान व्यापारी धास्तावणे स्वाभाविक आहे. काही वर्गांना सूट देण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. तथापि खरा उपाय सुटीत नाही, संयमात आहे. संकेतस्थळावरून गूळ विकणाऱ्यास माल पोहोचविण्यासाठी ग्राहकाचा पत्ता व क्रमांक लागतो; जन्मतारीख लागत नाही. माहिती गोळा करण्यास खर्च जवळजवळ येत नाही, म्हणून ती गरजेवाचून साठविली जाते. साठ्याचा लाभ एकाचा आणि तो फुटल्यास हानी दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. अशा फुकटच्या साठ्यावर कायद्याने जोखमीची किंमत लावली, हे त्याचे आर्थिक मर्म होय.

परंतु येथेच एक मोठे वैगुण्य राहून गेले आहे. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याचे नुकसान झाले त्याला त्यातून छदामही मिळणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३-अ अन्वये, संवेदनशील माहिती हाताळण्यातील निष्काळजीपणामुळे हानी झालेल्यास कंपनीकडून भरपाईची तरतूद होती. नव्या कायद्याने ते कलमच वगळण्याचे ठरविले आहे. उलट, खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याला मिळावयाचे काहीच नाही आणि गमावण्याची भीती मात्र आहे, तो नोकरदार पालक आधी त्या संस्थेकडे आणि मग मंडळाकडे दाद मागत कशाला बसेल? आणि तक्रारच आली नाही, तर कोट्यवधींचा दंड कागदावरच राहण्याचा धोका आहे.

म्हणून भरपाईची तरतूद कायद्यात पुन्हा आली पाहिजे. तोवर महाविद्यालये, पतसंस्था व सहकारी संस्था यांनी मुदत संपण्याची वाट न पाहता आपले अर्ज तपासावेत, अनावश्यक रकाने काढून टाकावेत आणि उरलेल्यांचे कारण सरळ मराठीत लिहावे. आपणही प्रत्येक रकाना भरण्यापूर्वी 'ही माहिती कशासाठी?' एवढे विचारण्याची सवय लावून घ्यावी. बाजारातील रुमाल कायद्याने हटला खरा. पण उघड लिलावात भाव ऐकण्यासाठी शेतकऱ्यालाही तेथे जागरूकपणे उभे राहावेच लागते.