वाळूत सापडणारे शार्कचे दात

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘कॅल्व्हर्ट क्लिफ्स’ नावाचे कडे सुमारे अडतीस किलोमीटरपर्यंत पसरले आहेत. वॉशिंग्टनहून मोटारीने साधारण दीड तासावर असलेल्या या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी गेल्यास एक वेगळेच दृश्य दिसते. आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सारे जण समुद्राकडे न पाहता, मान खाली घालून पाण्याच्या कडेने संथपणे चालत असतात. मध्येच कोणीतरी वाकून एक काळा, चकचकीत तुकडा उचलतो. तो असतो शार्कचा, म्हणजे आपल्याकडील मोरी किंवा मुशीच्या कुळातील माशाचा, दात. त्या माशाच्या तोंडातून तो गळून पडला त्याला एक ते दोन कोटी वर्षे लोटलेली असतात.

त्या काळी मेरीलँडच्या दक्षिण भागावर उबदार, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचेच पुढे हे कडे झाले. सहाशेहून अधिक प्रकारच्या प्राचीन जीवांचे अवशेष त्यांत आढळले आहेत. लाटा व पाऊस कड्यांची झीज करतात, माती ढासळते आणि तिच्यातील दात वाळूत येऊन पडतात.

परंतु शार्कचे दातच एवढे का सापडावेत? याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशा लवचीक पदार्थाचा असतो. मृत्यूनंतर ती बहुधा कुजून जाते. दातांवरचे आवरण मात्र अतिशय कठीण असते. शिवाय शार्कच्या जबड्यात दातांच्या एकामागे एक अनेक रांगा असतात. पुढचा दात पडला की मागचा सरकून त्याची जागा घेतो. अशा रीतीने एक शार्क आयुष्यभरात हजारो दात टाकतो. मूळचा पांढरा दात गाळात पुरला गेला की भोवतालची खनिजे त्यात झिरपतात आणि तो काळा, राखाडी किंवा तपकिरी होतो. त्यामुळे रंगावरून तो कोणत्या गाळात होता याचा अंदाज येतो, त्याचे वय मात्र कळत नाही.

हे दात माशाचे आहेत, हे ओळखायलाही माणसाला बराच काळ लागला. युरोपात त्यांना सर्पांच्या दगड झालेल्या जिभा समजत. 1666 मध्ये इटलीच्या लिव्होर्नो बंदराजवळ पकडलेल्या एका प्रचंड शार्कचे डोके फ्लॉरेन्सला आणले गेले. निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले आणि ते दात व ‘जिभेचे दगड’ यांतील साम्य दाखवून दिले. त्यातूनच समुद्राचा गाळ थरांवर थर साचून खडक बनतो, या विचाराला त्याने पुढे आकार दिला.

दात शोधण्यास फारशी साधने लागत नाहीत. ओहोटीची वेळ पाहून जावे. लाटेने शिंपले व खडे जेथे ओळीने आणून टाकलेले असतात, तेथे नजर ठेवावी. लहान मुलांच्या हाती एखादी चाळणी द्यावी. गुळगुळीत चमक, टोकदार आकार आणि वरच्या बाजूस खरखरीत मूळ ही दाताची खूण. बहुतेक दात बोटाच्या नखाएवढे किंवा त्याहून लहान असतात. मेगालोडॉन या महाकाय शार्कचा तळहाताएवढा दात सापडणे हा दुर्मीळ योग.

मोह होतो तो कड्याकडे वळण्याचा, आणि खरा धोका तेथेच आहे. पायथ्याशी उभे राहून माती उकरावी, म्हणजे मोठा दात मिळेल, असे वाटते. पण हे कडे घट्ट पाषाणाचे नसून भुसभुशीत माती-वाळूचे आहेत आणि ते पूर्वसूचना न देता कोसळतात. म्हणून तेथील राज्य उद्यानात कड्याखाली जाण्यास व कडा खणण्यास बंदी आहे. समुद्राने सोडवून दिलेले आपले, कड्यात अडकलेले त्याचे, एवढा नियम मुलांना आधीच सांगून ठेवावा.

गोव्याच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर अशी शोधाशोध फळत नाही, कारण आपल्या किनाऱ्यावर प्रामुख्याने जांभा, काळा कातळ आणि अतिप्राचीन रूपांतरित खडक आहेत. जुन्या समुद्रतळाचे असे थर नाहीत. मात्र इंदूरच्या वाचकांना हा समुद्र अनोळखी वाटू नये. धार जिल्ह्यातील बाग परिसरात, आज समुद्रापासून कित्येक कोस दूर, शार्कचे दात व सागरी शंख-शिंपले खडकांत आढळले आहेत. डायनोसॉरच्या काळात पश्चिमेकडून समुद्राचे पाणी नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरले होते, त्याचा हा पुरावा. तेथील अवशेष अभ्यासकांचा ठेवा आहेत. ते पाहावेत, उचलू नयेत.

किनाऱ्यावर सापडलेला दात घरी आणल्यावर आणखी एक काम उरते. तो गोड्या पाण्याने धुऊन डबीत ठेवावा आणि सोबत चिठ्ठी लिहावी : कोठे, कोणत्या तारखेला, कोणाला सापडला. ठिकाण ठाऊक नसलेला दात केवळ शोभेची वस्तू होतो. ठिकाण ठाऊक असेल, तर तेथे कधीकाळी समुद्र होता हे तो सांगू शकतो. ती चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्यावी.