कातभट्टीपासून वीटभट्टीपर्यंत

एखाद्या जमातीचा परंपरागत व्यवसाय बुडाला म्हणजे त्याचे खापर काळाच्या माथी फोडून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. परंतु ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांत प्रामुख्याने वस्ती करून असलेल्या कातकऱ्यांच्या बाबतीत हा व्यवसाय कोणत्या अमलात, कोणत्या कायद्याने आणि कोणाच्या सोयीसाठी बुडाला हे सरकारी दप्तरात इतके स्वच्छ नमूद आहे, की येथे काळाला दोष देणे म्हणजे दप्तर उघडण्याचा आळस करणेच होय.

पावसाळा सरला की कातकऱ्यांची कुटुंबे खैराच्या रानात मुक्काम टाकीत. पुरुषांनी खैर तोडून, त्याची साल आणि पांढरे लाकूड काढून टाकून आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या पाडाव्या आणि बायकांनी त्या मडक्यांतून तासन्‌तास उकळाव्या. अर्क गाळून पुन्हा आटवावा, तो दाट झाला की थंड करून त्याच्या वड्या सावलीत सुकवाव्या, असा हा उद्योग असे. पानाच्या विड्यापासून कोळ्यांच्या जाळ्यांपर्यंत आणि कातडे कमावणाऱ्यापासून रंगाऱ्यापर्यंत या काताला गिऱ्हाईक होते. त्यातून कातकरी श्रीमंत झाले नाहीत हे खरे; पण खैर कोणता तोडावा, रस केव्हा उतरवावा आणि मुक्काम कोठे हलवावा हे ठरविणारे तेच होते.

१८७८ च्या वनकायद्याने जंगलांची राखीव व संरक्षित अशी प्रतवारी केली आणि जे रान कालपर्यंत घराच्या परसासारखे होते, त्यात कुऱ्हाड घेऊन शिरणे हा गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या दोन जिल्ह्यांतून जंगलखात्याविरुद्ध इतका गिल्ला झाला की खुद्द मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवालही आला, परंतु राखीव जंगल राखीवच राहिले. कात मात्र बाजारातून नाहीसा झाला नाही. चिपळूणजवळच्या सावर्डे परिसरात काताचे कारखाने आजही चालतात, फक्त त्यांचे मालक कातकरी नाहीत. भांडवल, परवाने आणि वाहतुकीचे पास ज्यांच्या हाती, त्यांच्याकडे व्यवसाय गेला. ज्यांच्या नावातच कात आहे त्यांच्याकडे नाव तेवढे उरले.

यानंतर कातकरी कोळशाकडे वळले. मुंबईच्या चुलींना आणि शेगड्यांना लागणारा लाकडी कोळसा ठेकेदारांच्या हुकमतीखाली तेच पाडू लागले. आणि ज्या रानावर त्यांचे पोट होते तेच रान त्यांच्या हातून विरळ करून घेण्यात आले, हा या इतिहासातला सर्वांत क्रूर भाग आहे. पुढे घासलेट आणि गॅस आला, जंगल संपत आले, आणि कोळशाचाही रोजगार गेला. मासे, खेकडे, कंद यांचा तरी आधार होता; पण नद्यांवर धरणे झाली आणि पाताळगंगा, कुंडलिका यांच्या काठी रासायनिक कारखाने आले, तेव्हा तोही आटत गेला.

उरली ती वीटभट्टी. गणपतीच्या सुमारास, घरात दाणा नसताना, भट्टीवाला मुकादमाकरवी उचल देतो. दिवाळी झाली की नवराबायकोची जोडी मुलाबाळांसह भट्टीवर जाते. मध्यरात्र उलटली की चिखल तुडवणे सुरू होते, उजाडेपर्यंत साचे पाडले जातात आणि पोरे ओल्या विटा उलटतात. आठवड्याला खर्ची मिळते ती पोटापुरती. मजुरी हजारी विटांवर धरली जाते आणि हिशेब होतो तो पावसाच्या तोंडावर, मालकाच्या वहीतून. वजाबाकी करून झाल्यावर बाकी बहुधा मजुराकडेच निघते आणि ती पुढल्या सालावर ओढली जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे. तो कायदा कागदावरून जमिनीवर उतरविण्यासाठी वसई तालुक्यात श्रमजीवी संघटनेला लढावे लागले, आणि रायगडात सर्वहारा जनआंदोलनाने जमिनीच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे झुंज दिली, हे येथे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

आता मदतीचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार भरली. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर त्यांची गणना राज्यातील तीन आदिम जमातींत होते आणि त्यामुळे योजनांचा तुटवडा नाही. पावसाळ्यातील उपासमारीसाठी खावटी कर्जाची योजना जुनीच आहे. २०२० मध्ये करोनाच्या संकटात तिचे अनुदान झाले आणि कुटुंबामागे ४,००० रुपये, अर्धे रोख व अर्धे वस्तुरूपाने, मंजूर झाले. हे चांगलेच झाले. पण चार हजारांनी उचल सुटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये देशातील ७५ आदिम जमातींसाठी सुमारे २४,००० कोटी रुपयांची पंतप्रधान जनमन योजना जाहीर झाली आणि तिच्यात पक्क्या घरांना अग्रस्थान मिळाले. अडचण अशी की घर बांधायचे तर पायाखालची जमीन आपली असावी लागते, आणि कित्येक कातकरीवाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर, गावठाणाच्या हद्दीबाहेर उभ्या आहेत. १९४८ च्या कूळकायद्यात शेतमजुराच्या घराखालच्या जागेला संरक्षण आहे. पण ते मिळविण्यासाठी दाखला, पंचनामा आणि तहसीलदाराचा हुकूम लागतो, आणि भट्टीवर आठ महिने काढणाऱ्या माणसाला तहसील कचेरीत खेटे घालणे परवडत नाही.

शहापूरच्या कातकरी तरुणांनी दुसरी वाट दाखवून दिली. रानातली गुळवेल गोळा करून, सुकवून, वनधन केंद्रामार्फत त्यांनी ती औषधी कंपन्यांना विकली आणि करोनाकाळात दीड कोटी रुपयांच्या पुढची मागणी मिळविली. या यशाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले. ते रास्तही होते. तथापि एका वेलीच्या बाजारभावावर जमात उभी राहू शकत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे ग्रामसभेला १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याची पुस्तिकाही तिच्याच हाती आली, तेव्हा विकण्याच्या मालाबरोबर विक्रीची सत्ताही गावाकडे आली. कोकणात हे अधिक कठीण आहे, कारण कातकरीवाडी बहुधा दुसऱ्यांच्या गावाच्या कडेला असते आणि त्या गावाच्या ग्रामसभेत तिचा आवाज क्षीण असतो. म्हणूनच २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे वाडीच्या स्वतंत्र ग्रामसभेने करावे, आणि खैराची लागवड करायचीच असेल तर तोडीचा व भट्टीचा हक्क त्याच ग्रामसभेकडे असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घराखालची जमीन आधी, रानाचा हक्क त्यानंतर, आणि अनुदान सर्वांत शेवटी. आज हा क्रम नेमका उलटा आहे.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना एक विनंती. कर्जत, खालापूर, सुधागड या तालुक्यांत शेतघरासाठी जमीन घेण्याची हौस सध्या फार आहे. व्यवहारापूर्वी आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो. त्याबरोबर जागेवर जाऊन त्या गटात कातकरीवाडी आहे की काय तेही पाहावे, कारण इतर हक्कांच्या रकान्यात तिची नोंद बहुधा सापडणार नाही. आणि वाडी असेल, तर तेवढी जागा वगळूनच खरेदीखत करावे.