मटणाचं मीठ आणि आपलं ब्लडप्रेशर

रक्त खाऊ नये ही तोराची आज्ञा. लेवीयच्या १७ व्या अध्यायात आहे. पण तिथे मटणाला मीठ लावा असं कुठे म्हटलेलं नाही बरं का! ती रीत रब्बींची, तालमूदमधली. पुढे ती पक्की झाली: अर्धा तास पाण्यात भिजवायचं, तासभर मीठ लावून उतरत्या फळीवर ठेवायचं, मग तीनदा धुवायचं. कलेजीत रक्त फार, म्हणून ती विस्तवावरच भाजायची.

आई हे सगळं घरी करायची. इथे इस्राएलमध्ये दुकानातलं कोशेर मटण बहुतेक मीठ लावून, धुऊनच येतं. तरी आपण सवयीने परत मीठ लावतो, वर रश्श्यातही घालतो! वॉर्डात पाय सुजलेल्या आजीबाई मला सांगायच्या, "सिस्टर, मी मीठ खातच नाही."

तेव्हा आधी पाकीट वाचा, नाहीतर खाटकाला विचारा. मीठ लावलेलं असेल तर परत लावू नका. रस्सा बिनमिठाचा शिजवा, नारळाचं दूध आणि लिंबू घाला, शेवटी चाखून बघा. बाजारात पोटॅशियमचं मीठ मिळतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा प्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.