विषमतेचा भूगोल, लेखांक ७ : पाणी रानाचं की माणसाचं?

गेल्या आठवड्यात आपण देशादेशांमधली दरी पाहिली. जगातल्या दोन माणसांच्या कमाईत जो फरक असतो, त्यातला निम्म्याहून अधिक भाग ती कुठल्या देशात राहतात यावरून ठरतो, असं ब्रँको मिलानोविच हे अर्थतज्ज्ञ मांडतात. जागेचा हा हिशेब एका जिल्ह्याच्या आतही लागू पडतो.

सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशे पडला तरी साल बरं गेलं म्हणायचं. सांगलीतही तेच. वाळवा, पलूस कृष्णाकाठचे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ दुष्काळी. पाऊस निसर्गाचा, पुढचं सगळं माणसांनी केलेलं. नदीकाठी उपसा योजना झाल्या, ऊस आला, उसामागून कारखाना, बँक, कॉलेज, आमदारकी. खानापूर-आटपाडीची पोरं मात्र गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. जतच्या काही गावांनी पाण्यापायी कर्नाटकात जाण्याचा ठरावच केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या गावांवर दावा सांगताना त्याचाच दाखला दिला.

आता ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांमुळे कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढतंय. तालुक्यातालुक्यांतली दरी त्याने कमी होईल. गावातली होईल का? पाणी एकरावर मिळतं. वीस एकरवाल्याला वीस एकराचं, भूमिहीनाला फक्त त्याच्या रानातली मजुरी. या योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के वाटा शासनाचा आणि १९ टक्के शेतकऱ्यांचा, असं सूत्र ठरलं. ते ८१ टक्के साऱ्या जनतेच्या पैशातून येतात. काडेपेटीवर कर भरणारी मजूर बाईही त्यात आली. मग पाण्यात तिचा वाटा का नको? माझ्या मते या प्रश्नाला न्याय्य उत्तर एकच आहे, आणि ते याच मातीत देऊन झालेलं आहे.

खानापूर तालुक्यात येरळा नदीवर १९८०च्या दशकात लोकांनी बळीराजा धरण बांधलं. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार धरणाच्या चळवळीत होते. येरळेतली वाळू बाहेरचे ठेकेदार उपसून नेत होते. ती गावाने विकावी आणि त्या पैशातून धरण उभारावं, असा आग्रह त्यांनी धरला. पाणीवाटपाचा नियम असा केला, की वाटा सगळ्यांना, जमीन असो वा नसो. भूमिहीनाने आपल्या वाट्याचं पाणी घेऊन दुसऱ्याचं रान वाट्याने करावं. तिथे पाणी हीच त्याची मालमत्ता झाली, आणि जमीनदाराशी बोलताना त्याच्या हाती काहीतरी आलं.

१९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांनी हेच समन्यायी वाटप मोठ्या योजनांसाठी मागितलं. परिषदांना हजारो माणसं येत. त्या रेट्याने योजनांना गती आली. वाटपाचं तत्त्व मात्र बहुतेक ठिकाणी जुनंच राहिलं. पाणीमागणीचा अर्ज गट नंबरावर भरला जातो, आणि सात-बारावर नाव नसलेली बाई त्या अर्जात येतच नाही.